पाखरू शिकले तरच फवारणी लागू पडते: द्राक्षबागेतील पक्षिरोधकांची पहिली ओळख

मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे मणी मऊ आणि गोड होऊ लागले, की बागेत साळुंक्या आणि बुलबुलांची ये-जा वाढते. गोफण, फटाके, टांगलेल्या सीडी, चमकत्या फिती यांचा धाक आठवडाभर टिकतो. मग बुलबुल फितीच्याच तारेवर बसून घडात चोच घालतो. अशा वेळी कोणीतरी ‘पाखरांसाठीची फवारणी’ सुचवते आणि नवा बागायतदार ती बुरशीनाशकासारखी वापरायला जातो: लिटरला इतके मिली, दहा दिवसांनी पुन्हा एक हात. पैसे इथेच वाया जातात. पक्षिरोधक औषध पाखराला बागेबाहेर थांबवू शकत नाही. पाखरू येणार, मणी फोडणार, त्या घासाचा त्याला त्रास होणार आणि तो त्रास कशामुळे झाला हे त्याला कळले, तरच पुढच्या खेपेला ते घड सोडणार. औषध कोणते, कधी, किती आणि कसे, हे सगळे या साखळीवरून ठरते.

१. नुकसान कोण करते ते आधी पाहा

उजाडल्यापासूनचे दोन तास आणि मावळतीआधीचे दोन तास पाखरांच्या खाण्याचे असतात. सलग तीन दिवस या वेळांना बागेच्या कडेला, शक्यतो विजेच्या तारा किंवा मोठी झाडे असतील त्या बाजूला, शांत थांबा. पाखरू दिसले नाही तरी घड सांगतो.

साळुंकी, भांगपाडी मैना आणि हिवाळ्यात येणारी भोरडी मणी अख्खा उपटतात. घडात नुसते ओले देठ उरतात. बुलबुल मणी जागेवरच फोडून गर खातो, साल लोंबत राहते. चष्मेवाला हा इवलासा पक्षी बारीक भोक पाडून रस पितो. भोक लहान असते, पण त्यावर गांधीलमाश्या आणि चिलटे येतात आणि चार दिवसांत शेजारचे मणीही सडतात. पोपट खातो थोडे आणि तोडतो फार, त्यामुळे वेलीखाली अर्धवट मण्यांचा सडा दिसतो.

सकाळी घडाखाली चावून थुंकलेल्या चोथ्याच्या गोळ्या दिसल्या, तर रात्रीचा पाहुणा वटवाघूळ आहे. ते सस्तन प्राणी आहे. पाखरांसाठीची औषधे त्याच्यावर चालत नाहीत. तिथे फवारणीचा विचारच सोडा, जाळी लावा.

पाखराची जात महत्त्वाची असण्याचे आणखी एक कारण आहे. साळुंकी, बुलबुल, चष्मेवाला ही जवळपास राहणारी पाखरे आहेत. आज आलेली साळुंकी उद्याही येते, म्हणजे तिला शिकवण्यात अर्थ आहे. भोरड्यांचे शेकडोंचे थवे परगावचे असतात आणि जागा बदलत फिरतात. आज एका थव्याला धडा मिळाला तरी परवा उतरणाऱ्या थव्याला त्याचा पत्ता नसतो, आणि प्रत्येक पाखराने ‘चव पाहण्यासाठी’ दोन-चार मणी फोडले तरी ओळीच्या ओळी खराब होतात. भोरडीचा मारा असलेल्या बागेत निव्वळ फवारणीवर विसंबू नका.

२. त्रास दोन तऱ्हेचा असतो

पहिल्या गटातली औषधे लागलीच झोंबतात. यातले सर्वांत वापरातले नाव मिथाइल अँथ्रानिलेट. द्राक्षाच्या चवीच्या गोळ्यांना आणि सरबतांना येणारा तो ठरावीक वास याचाच. मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांच्या तेलात आणि संत्र्याच्या मोहरातही ते असते. आपल्याला सुगंध वाटणारा हा पदार्थ पाखराच्या चोचीत आणि डोळ्यात मात्र जळजळ करतो. वेदना जाणवून देणाऱ्या मज्जातंतूंवर टीआरपीए१ नावाचे ग्राहक प्रथिन असते. कोंबडीतले हे प्रथिन मिथाइल अँथ्रानिलेटने चेतवले जाते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. अमेरिकेत मॉर्ली कॅर यांनी या कुळातल्या रसायनांचे पक्षिरोधक म्हणून पेटंट १९६१ मध्येच घेतले होते.

दुसऱ्या गटातली औषधे चवीला फारशी वाईट नसतात. पाखरू पोटभर खाते आणि मग त्याला मळमळते, सुस्ती येते, कधी उलटी होते. अँथ्राक्विनोन आणि मेथिओकार्ब ही त्यातली दोन नावे. इथे पाखराला आजाराचा संबंध आधी खाल्लेल्या घासाशी जोडावा लागतो, म्हणून शिकायला थोडा वेळ जातो. पण जे शिकते ते जास्त टिकते.

हा फरक बागेत असा दिसतो. पहिल्या गटाच्या फवारणीनंतर पाखरू मणी फोडते, डोके झटकते, चोच तारेवर घासते आणि उडते. दुसऱ्या गटात ते निवांत खाऊन जाते आणि तुम्हाला वाटते औषध फुकट गेले. परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी आलेल्या पाखरांत दिसतो.

मात्रेबद्दल सर्वांत बोलका पुरावा बागेतून नव्हे, प्रयोगशाळेतून आला आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत स्टीव्हन रोझ यांनी स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी एका दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांपुढे मिथाइल अँथ्रानिलेट लावलेला, माळेत असतो तसा चकाकता मणी धरला. एकदाच चोच मारून पिल्लू डोके झटकते आणि दुसऱ्या दिवशीही तसा मणी टाळते. पण तोच पदार्थ १० टक्क्यांपर्यंत पातळ करून लावला, तर ही आठवण काही तासांतच पुसली जाते. औषध महाग म्हणून निम्मी मात्रा मारणाऱ्याच्या बागेत नेमके हेच होते. पाखराला सकाळी कसेसे वाटते आणि संध्याकाळी ते परत येते. त्याहून वाईट म्हणजे सौम्य त्रास सोसून खाण्याची त्याला सवय लागते. म्हणून मात्रा तोडून संपूर्ण बाग फवारण्यापेक्षा पूर्ण मात्रेत कडेच्या ओळी फवारणे केव्हाही बरे.

पिंजऱ्यातल्या चाचण्यांत खाद्यात मिथाइल अँथ्रानिलेट सुमारे १ टक्का असले की बहुतेक पाखरे ते टाकतात. फळात निसर्गतः असणारे प्रमाण याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणूनच ‘बंगळूर ब्लू’सारखी त्या वासाची द्राक्षेही पाखरे मजेत खातात. वास येतो म्हणजे औषध लागू आहे, असे समजू नका. नुसत्या वासाने पाखरू हटत नाही, थेंब चोचीला लागावा लागतो.

३. मिरची, डांबरगोळ्या आणि विष

मिरचीच्या अर्काची फवारणी पाखरांवर अजिबात चालत नाही. आपल्याला झोंबणारे कॅप्सेसिन ज्या प्रथिनाला चिकटते, ते पाखरांमध्ये थोडे वेगळ्या घडणीचे असते आणि कॅप्सेसिनला दाद देत नाही. पोपट मिरच्या कुरतडत बसतो तो उगाच नाही. मिरचीची झाडेही आपले बी पाखरांकरवीच पसरवतात. मिरचीने खार किंवा उंदीर थोडा दूर राहील एवढेच.

डांबरगोळ्या आणि फिनाईल घडांजवळ नेऊ नका. त्यांचा वास मण्याला लागतो, पाखराला त्याचे काही वाटत नाही.

कीटकनाशक लावलेले दाणे टाकणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पोपट, बुलबुल, साळुंकी मारता येत नाहीत. शिवाय त्यातून हाती काहीच लागत नाही. मेलेले पाखरू काही शिकत नाही आणि त्याची रिकामी जागा शेजारच्या शिवारातले, बागेचा अनुभव नसलेले पाखरू घेते. शिकलेली साळुंकी जागेवर राहिली तर निदान ती जागा अडवून तरी बसते.

४. बाटली विकत घेण्याआधी लेबल वाचा

आपल्याकडे पिकावर फवारायच्या औषधाला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीची नोंदणी लागते. दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. बाटलीवर नोंदणी क्रमांक आहे का? लेबल क्लेममध्ये, म्हणजे मंजूर पिकांच्या यादीत, ‘द्राक्ष’ छापले आहे का? दोन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर विक्रीच्या मालावर ते फवारू नका, मग ते कितीही ‘जैविक’ किंवा ‘अन्नातलेच’ असो. मिथाइल अँथ्रानिलेटला अमेरिकेत द्राक्ष, चेरी आणि ब्लूबेरीवर अवशेष मर्यादेतून (फळात औषध किती उरले तर चालते त्या मर्यादेतून) सूट आहे. ती सूट तिकडची. इकडच्या तपासणीत ती दाखवून चालत नाही. नोंदणी नसेल तर या लेखातला पाहणी, जाळी, खाद्य आणि मोजणीचा भागच तुमच्या कामाचा.

निर्यातीचा माल असेल तर आणखी कडक राहा. युरोपात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. अँथ्राक्विनोन तिकडे इतके कटकटीचे आहे की चहासाठीही मर्यादा किलोला ०.०२ मिलिग्रॅमच आहे. मेथिओकार्बची मान्यता युरोपीय महासंघाने २०१९ मध्ये काढून घेतली. ते मुळात कार्बामेट गटातले कीटकनाशक आहे. पाखराला आजारी पाडणारी आणि मारणारी मात्रा यांत त्याच्या बाबतीत फार अंतर नसते. अँथ्राक्विनोनची जागा आज मुख्यतः पेरणीच्या बियाण्यावर आहे. जे बी माणसाच्या पोटात जाणार नाही, त्यावर. निर्यातदार कंपनीच्या किंवा ग्रेपनेटच्या (निर्यात द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणी प्रणालीच्या) यादीत नसलेले काहीही बागेत आणू नका, आणि शंका असेल तर मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या प्रसिद्ध केलेल्या यादीशी ताडून पाहा.

खाण्याच्या द्राक्षांत आणखी एक अडचण आहे, अवशेषांइतकीच महागात पडणारी. मण्यावरचा मेणाचा पातळ पांढरट थर उशिराच्या कोणत्याही दाट फवारणीने, विशेषतः स्टिकर (औषध चिकटवून ठेवणारे द्रव्य) घातला तर, पुसला जातो आणि डाग राहतात. पाखरांनी ५ टक्के खाल्ले असते, तिथे डागांमुळे निम्मा माल प्रतवारीत खाली जातो. वाइनच्या द्राक्षांत डागांची चिंता नसते, पण मिथाइल अँथ्रानिलेटचा वास वाइनमध्ये उतरू शकतो आणि वाइन करणारे तो दोष मानतात. वाइनरीशी करार असेल तर लेखी विचारा.

एकूण हिशेब मांडला तर खाण्याच्या उत्तम द्राक्षाला जाळीच योग्य. फवारणीला खरी जागा आहे ती बेदाण्याच्या किंवा रसाच्या बागेत आणि कडेच्या ओळींत.

५. पहिल्या घासाच्या आधी

मण्यात पाणी उतरणे, म्हणजे मणी मऊ पडून साखर भरू लागणे, ही साधारण फळछाटणीनंतर ९० दिवसांच्या आसपासची अवस्था. जातीप्रमाणे मागेपुढे होते. पाखरे याच वेळी चाचपणीला येतात. एखाद-दुसरी साळुंकी येते, कडेच्या ओळीत दोन मणी उपटते आणि जाते. तिला चांगला घास मिळाला, तर चार दिवसांत ती दहा जणींना घेऊन येते.

शिकवणीची संधी एवढीच. एकदा पाखराला ‘ही बाग गोड आहे’ हा अनुभव आठवडाभर मिळाला, की मग एखाद्या वाईट घासाने ते बाग सोडत नाही. आधीच्या शंभर चांगल्या घासांपुढे एक वाईट घास हलका पडतो. उलट पहिलाच घास वाईट निघाला, तर ती बाग त्याच्या फेरीतून गळते. पहिला फोडलेला मणी दिसला, त्याच संध्याकाळी फवारणी व्हायला हवी. ‘नुकसान वाढले की बघू’ म्हणणाऱ्याने फवारणी करूच नये, थेट जाळी आणावी.

दुसरा पेच काढणीपूर्व कालावधीचा, म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांत सोडायच्या दिवसांचा. पाखरांचा जोर सर्वांत जास्त असतो तो शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, आणि फवारायला मनाई असते तीही तेव्हाच. म्हणून सुरुवातीच्या दोन फवारण्यांत जे शिकवाल त्यावर शेवटचे दिवस काढायचे असतात. लेबलवरचे दिवस तोडणीच्या तारखेपासून मागे मोजा, शेवटच्या फवारणीची तारीख कॅलेंडरवर लिहून टाका आणि ती ओलांडू नका.

६. मिसळणे आणि फवारणे

मिथाइल अँथ्रानिलेट सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठते. जानेवारीतल्या निफाडच्या पहाटे बाटलीत तळाशी खडे दिसले तर औषध खराब झालेले नसते. बंद बाटली कोमट पाण्यात उभी ठेवा, पातळ झाले की हलवा. थेट जाळावर ठेवू नका. ते पाण्यात फारच कमी विरघळते आणि पाण्यापेक्षा जड असते. म्हणजे नीट न मिसळलेले औषध टाकीच्या तळाशी बसते: पहिल्या ओळींना दाट, शेवटच्यांना निव्वळ पाणी.

काम या क्रमाने करा. पहिल्या तीन पायऱ्या पाखरे मणी फोडू लागण्याआधीच उरकून ठेवा.

आधी पंप मोजून घ्या. ओळींत २.७ मीटर (९ फूट) अंतर असेल तर १०० मीटर ओळ म्हणजे २७० चौरस मीटर. एवढ्या ओळीवर नुसते पाणी मारून पाहा. २७ लिटर लागले तर हेक्टरी १,००० लिटर, म्हणजे एकरी ४०० लिटर पडते. लेबलवरची मात्रा हेक्टरी आहे की लिटरमागे, ते पाहून त्यावरून टाकीचा हिशेब करा.

मग काचेच्या बरणीत एक लिटर पाणी घेऊन त्यात त्याच प्रमाणात औषध मिसळा आणि १५ मिनिटे ठेवा. दुधी रंग कायम राहिला तर ठीक. तळाशी तेलकट थेंब जमले तर पाणी बदला किंवा ते औषध परत करा. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल तर सामू (पीएच) ६ ते ७ वर आणा, कारण हे रसायन एस्टर आहे आणि अल्कधर्मी पाण्यात त्याचे विघटन होते. त्याच कारणाने चुना असलेल्या बोर्डो मिश्रणासोबत ते कधीही मिसळू नका. कीटकनाशक, संजीवक, खत यांतलेही काही त्यात घालू नका.

मग पाच वेलींवर फवारून तीन दिवस थांबा. कोवळ्या पानांच्या कडा करपल्या किंवा मण्यांवर तपकिरी ठिपके आले, तर प्रमाण किंवा वेळ चुकली आहे. दुपारच्या उन्हात फवारले की हे हमखास होते.

प्रत्यक्ष फवारणी संध्याकाळी करा. ऊन या औषधाला लवकर उडवून लावते. संध्याकाळी मारलेले औषध पहाटेच्या पहिल्या फेरीला पूर्ण जोमात असते, सकाळी दहाला मारलेले संध्याकाळपर्यंत निम्मे निघून गेलेले असते. टाकीतला ढवळा चालू ठेवा. ब्लोअरचा जोर पानांवर नको, घडांवर हवा. वाय पद्धतीत (वेल इंग्रजी Y आकाराच्या आधारावर चढवलेली असते तिथे) घड खाली मोकळे लोंबतात, तिथे खालचे नोझल घडाच्या उंचीला वळवून वरचे बंद केले तरी चालते.

घड दोन्ही बाजूंनी ओला व्हायला हवा. एका गल्लीतून मारून दुसरी सोडली, तर घडाची एक बाजू जळजळणारी आणि दुसरी गोड राहते. पाखराला हा फरक कळायला दोन दिवसही लागत नाहीत. मग ते बरोबर गोड बाजूने बसते, आणि तुम्ही त्याला बाग टाळण्याऐवजी निवड करायला शिकवलेले असते. गच्च घडात आतले मणी कोरडेच राहतात. तिथे विरळणी नीट झालेली असेल तरच फवारणीला अर्थ आहे.

जड दव किंवा अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर थांबा. डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे घाला. टाकी शेततळ्यात किंवा ओढ्यात धुऊ नका.

७. पाखराला दिसेल अशी खूण

पाखरे खाणे निवडतात ते डोळ्यांनी. १९७१ मध्ये विलकॉक्सन आणि सहकाऱ्यांनी लाव्हरीसारख्या बॉबव्हाइट पाखरांना आणि उंदरांना निळे, आंबट पाणी पाजून नंतर औषधाने आजारी पाडले. पुढे उंदरांनी आंबट चव टाळली, पाखरांनी निळा रंग. घासाला दिसणारी ओळख असेल तर पाखरू लवकर शिकते, हे त्यातून घ्यायचे. आफ्रिकेत धान्याचा फडशा पाडणाऱ्या क्वेलिया पाखरांवरही मेथिओकार्बसोबत कॅल्शियम कार्बोनेटची पांढरी पूड वापरल्यावर परिणाम वाढलेला आढळला.

शिवाय पाखरांना अतिनील प्रकाश दिसतो, आपल्याला नाही. अँथ्राक्विनोन अतिनील किरण शोषते, म्हणून ते लावलेला दाणा आपल्याला साधा दिसला तरी पाखराला वेगळा दिसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वन्यजीव संशोधन केंद्रात (फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो) याच गुणाचा उपयोग करून मात्रा कमी करण्यावर काम झाले आहे.

खाण्याच्या द्राक्षावर पांढरी पूड चालणार नाही हे उघड आहे. त्याऐवजी फवारलेल्या ओळींनाच लाल-चंदेरी फीत बांधा, आणि ती फवारणीच्या संध्याकाळीच बांधा. महिनाभर आधीपासून फडफडणारी फीत पाखराच्या लेखी तारेसारखीच. औषधाचा परिणाम संपला की फीत काढून घ्या. फितीखाली गोड घास मिळू लागला की तिचा संबंध तुटतो, आणि पुढच्या हंगामात तीच फीत कुचकामी ठरते.

एक पाखरू दुसऱ्याला पाहूनही शिकते. लाल खांद्याच्या ब्लॅकबर्डवर मेसन आणि रीडिंजर यांनी १९८२ मध्ये हे दाखवले: सोबतीला एखाद्या खाद्याने आजारी पडताना पाहिलेली पाखरे ते खाद्य स्वतःहून टाळू लागली. म्हणून फवारणीनंतरचे पहिले तीन दिवस फटाके आणि आरडाओरडा बंद ठेवा. हे नव्या माणसाला पटत नाही. पण हाकललेल्या पाखराने मणी चाखलेलाच नसतो, मग ते शिकणार काय? त्याला खाऊ द्या, डोके झटकू द्या, शेजारणींना ते पाहू द्या.

८. दुसरीकडे खायला काय आहे?

भुकेले पाखरू झोंबणारा घासही खाते. आजूबाजूला काहीच नसेल तर कोणतेही पक्षिरोधक चार दिवसांपलीकडे टिकत नाही. बांधावरचे उंबर, वड, पिंपळ तोडू नका, कारण त्यांची फळे हाच पाखरांचा पर्याय. शेजारी रब्बी ज्वारी असेल तर साळुंक्या आणि भोरड्या तिकडे वळतात, अर्थात ज्वारीवाल्याला आधी विचारलेले बरे. ज्वारी काढली त्याच आठवड्यात बागेवर जोर वाढतो, तेव्हाची तयारी आधीच ठेवा.

साखरेच्या पाण्याची फवारणी ही कल्पना याच अंगाने पुढे येते. साळुंकीच्या कुळातल्या पाखरांच्या आतड्यात सुक्रोज फोडणारे सुक्रेज हे विकर नसते, त्यामुळे उसाची साखर त्यांना पचत नाही आणि हगवण लागते. द्राक्षातले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मात्र थेट शोषले जाते, म्हणून बाग त्यांना प्रिय. शास्त्र बरोबर आहे. पण हगवण लागण्याइतकी साखर घडावर चढवायची म्हणजे मुंग्या, गांधीलमाश्या आणि काळ्या बुरशीला आवतण. आपल्याकडच्या बागेत ते नको.

९. उपयोग झाला का, हे मोजून ठरवा

एकाआड एक ओळ फवारून तुलना करू नका, पाखरू शेजारच्या ओळीत सरकते. बागेचे सलग दोन तुकडे पाडा, एक फवारलेला आणि एक न फवारलेला. दोन्हींना झाडी किंवा विजेच्या तारांपासूनचे अंतर सारखे हवे. प्रत्येकात ३० वेली निवडा, त्यांतल्या १० कडेच्या. प्रत्येक वेलीवर चार घडांच्या देठाला दोरा बांधा, म्हणजे तुकड्यामागे १२० घड झाले. दर चार दिवसांनी त्याच घडांवर खराब मण्यांचे प्रमाण अंदाजे लिहा: ०, ५, १०, २५, ५० टक्के किंवा अधिक. मोजणारा माणूस शेवटपर्यंत एकच असावा.

समजा शेवटी न फवारलेल्यात सरासरी १२ आणि फवारलेल्यात ५ टक्के नुकसान निघाले. वाचले ७ टक्के. एकरी १० टन मालावर ते ७०० किलो, किलोला ४० रुपये धरले तर २८,००० रुपये. औषध, मजुरी आणि डाग पडलेल्या मालाची घट यांतून वजा करा. जाळी चार-पाच हंगाम चालते असे धरून तिचा वर्षाचा खर्च शेजारी लिहा. बऱ्याच बागांत इथेच जाळी जिंकते.

१०. जमत नसेल तर कुठे पाहायचे

पहिले दोन दिवस फरक, मग पूर्ववत: मात्रा कमी पडली किंवा उन्हाने औषध उडाले. कडेला ठीक पण मध्यभागी नुकसान: पाखरे फवारलेल्या कडेवरून उडून आत उतरताहेत, आतल्या दोन ओळीही घ्या. रोज नवे नुकसान, पण डोके झटकणारे पाखरू एकही दिसत नाही: रात्रीचे वटवाघूळ किंवा दिवसाची खार. एकाच कोपऱ्यात सतत नुकसान: तिथे नोझल चोंदलेले होते किंवा ब्लोअर वळताना औषध पडलेच नाही. गेल्या वर्षी चालले, यंदा नाही: यंदाची नवी पिल्ले आता स्वतः खाऊ लागली आहेत आणि त्यांना पहिल्यापासून शिकवावे लागते.

तोडणी झाली की मागे राहिलेले सुटे घड आणि खाली पडलेला माल दोन दिवसांत उचलून खड्ड्यात टाका. त्यावर आता औषध नसते. आठ दिवस त्यावर चरलेली पाखरे हंगामभराचे शिकलेले विसरून जातात आणि शेजारच्या उशिराच्या छाटणीच्या बागेत थेट उतरतात.